मॅडम, मराठीत सांगू?

आज कॉलेजच्या सभागृहात परीक्षक म्हणून शिरले, तर नव्या फ्लेक्सचा वास आला आणि मी ऑनर्सला असतानाचं आमचं पोस्टर प्रदर्शन आठवलं.

त्यातून उन्हाळी संशोधनासाठी एकाच विद्यार्थ्याची निवड होणार होती. घोडपदेवच्या विहिरींच्या पाण्यावरच्या माझ्या पोस्टरसमोर परीक्षक बाई थांबल्या. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि माझी जीभ अडखळली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली आई मागून कुजबुजली, "घरी सांगतेस तसं सांग गं."

"मॅडम, मराठीत सांगू?"

"सांग ना."

मग मी थांबलेच नाही. बाई पोस्टरवरच्या नकाशावर बोट फिरवत ऐकत राहिल्या.

निवड माझीच झाली. तेव्हा वाटलं, बाईंनी मला सांभाळून घेतलं. आता कळतं, त्यांना उत्तर हवं होतं आणि ते मला येत होतं.