रणदिवेकाकांचा डोंगर

सिंगापूरच्या तांजोंग पगारमधल्या आमच्या ऑफिसच्या इमारतीला बत्तीस मजले होते आणि सहा उत्तम लिफ्ट. तरी जेवणाच्या सुट्टीत रणदिवेकाका पाठीवरच्या सॅकमध्ये वीस किलो तांदूळ घालून जिन्याने चढायचे. टाय खिशात, शर्ट ओलाचिंब. मी बँकेत नवीन होते. अठराव्या मजल्यावर ते भिंतीला टेकलेले दिसले, तेव्हा मला वाटलं यांना झटकाच आला. "काही नाही गं," ते धापा टाकत म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये एल्कला जायचंय."

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचा, पण घोड्याएवढा प्राणी. सिंगापूरला येण्याआधी काका नऊ वर्षं अमेरिकेत, कोलोराडोला होते. तिथल्या हँक नावाच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने त्यांना शिकार शिकवली होती. शिकारीला जाणारी माणसं कमी होत चालली म्हणून हँक हळहळायचा. एक तरी माणूस तयार कर, असं त्याने यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पण काका सिंगापुरात आले. इथे बंदूक सोडा, डोंगरही नाही.

तरी दरवर्षी ते कुणाला ना कुणाला पकडायचे. बंदुकीसारखी छत्री खांद्याला लावून अर्धा श्वास सोडायला शिकवायचे. कागदावर एल्क काढून हृदय कुठे असतं ते विचारायचे. एक जण तिसऱ्या रविवारी गळला, दुसऱ्याची बदली झाली, तिसऱ्याच्या बायकोने स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. गणपतीच्या जेवणात कुणीतरी त्यांना छेडलंच, "रणदिवे, मारायचं कशाला पण?" काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही हॉकर सेंटरला चिकन राइस खाता ना? तिथे मारणारा दुसरा कुणीतरी असतो. मी तो दुसरा कुणीतरी व्हायला शिकलो, एवढंच."

ते वाक्य मला लागलं. मी सदतीस वर्षांची, पुंगोलच्या फ्लॅटपासून ऑफिसपर्यंत आणि परत, कायम झोप अपुरी. माझा नवरा म्हणाला, "जा, निदान मोकळी हवा तरी मिळेल." वर्षभर मी काकांच्या मागे जिने चढले. पुढच्या वर्षी कोलोराडोच्या शिकार-परवान्यांच्या सोडतीत आम्हा दोघांना एल्कच्या मादीचे परवाने मिळाले. तिथे पोचल्यावर आधी दोन दिवसांचा सक्तीचा सुरक्षा-वर्ग, मग मैदानावर सराव, मग डोंगर.

चार दिवस काहीच दिसलं नाही. विरळ हवेत डोकं ठणकायचं, पाण्याच्या बाटलीत बर्फ व्हायचा. काका अठ्ठावन्न वर्षांचे. उतारावर त्यांचा उजवा गुडघा दुखायचा, पण ते बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी झाडांतून कळप बाहेर आला. काका पुढे होते, नेम त्यांचा होता. ते बाजूला सरकले आणि मला पुढे ओढून कुजबुजले, "घाई नको. नाही जमलं तर नाही जमलं."

मी गोळी झाडली. मादी वीसेक पावलं गेली आणि खाली बसली. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिच्या अंगातून वाफ निघत होती. मला रडू आलं. काकांनी समजूत घातली नाही. टोपी काढून जरा वेळ उभे राहिले, मग मांस सोडवायला सुरी माझ्या हातात दिली.

एल्क मारणं पाच मिनिटांचं काम, उतरवणं दिवसभराचं. मांसाच्या चार खेपा होत्या. दुसऱ्या खेपेला काका एका ओंडक्यावर बसले ते उठेनात. गुडघा सुजून पँटमध्ये घट्ट झाला होता. मी त्यांची सॅक माझ्या सॅकवर बांधायला लागले, तेव्हा खाली बघतच ते म्हणाले, "माझी पहिली एल्क जखमी होऊन पळाली. दोन दिवस शोधली, सापडली नाही. त्या दिवशी मी दमलेलो होतो. तरी झाडली. हँकला कधी सांगितलं नाही."

आम्ही उतरलो. ते परत त्या डोंगरावर गेले नाहीत. निवृत्त होऊन पुण्याला गेले.

दोन वर्षांनी त्यांची बायपास झाली. मी फोन केला. ऑफिसात कपात चालली होती, चौघांचं काम मी एकटी ओढत होते. त्या वर्षीचा परवाना मिळाला होता, पण जायचं मनात नव्हतं. मला वाटलं रागावतील. त्यांनी आयुष्यभरात तयार केलेली मी एकटीच. "काका, मी दमलेय हो. यंदा नाही जात."

ते बारीक आवाजात म्हणाले, "नको जाऊस. दमल्या माणसाने बंदूक उचलू नये. हँकला दिलेला शब्द राहू दे."

त्या दिवाळीनंतर ते गेले.

पुढच्या ऑक्टोबरला मी एकटी डोंगरावर गेले. सहाव्या दिवशी चढून वर पोचले आणि समोर, अगदी शंभर पावलांवर, मादी उभी. मी बंदूक खांद्याला लावली. श्वास काही केल्या जागेवर येईना. ती माझ्याकडे बघत राहिली, मग सावकाश झाडांत गेली. मी बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली आणि गवतात आडवी झाले. पुष्कळ दिवसांनी मला तिथे शांत झोप लागली.