नाताळबाबाचा शब्द

शांतवन साळवे गवंडीकाम करायचे आणि रविवारी ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवायचे. पांढरी दाढी, भरदार आवाज. १९४४ च्या डिसेंबरात नगरच्या बाजारातल्या रंगनाथशेठने त्यांना तांबडा झगा घालून दुकानाच्या दारात नाताळबाबा म्हणून उभं केलं. लढाईमुळे लष्कराचे पगार घरोघर येत होते, शेठला खेळणी खपवायची होती. पोर काय मागेल त्याला ‘मिळेल’ म्हणायचं, पुढचं आईबाप बघतात, एवढीच त्याची शिकवण. प्रभूच्या जन्माचा हा बाजार पाळकांना रुचला नाही. पोरं हसतात, त्यात वाईट काय, असं शांतवनांचं म्हणणं.

एक दिवस मार्था गायकवाड तिच्या मुलीला, दीनाला, घेऊन आली. नवरा शमुवेल ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. दीनाने बाहुल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मला माझे बाबा पाहिजेत.”

सवयीने शांतवन बोलून गेले, “मिळतील.”

पुढे मार्था त्यांना देवळापाशी भेटली. दीना जेवताना शेजारी पाट मांडते, कोणाशी तरी बोलते, असं ती दबक्या आवाजात सांगू लागली. पाटावरची भाकरी तशीच राहते, पण पाट ओला होतो, चिंब कपड्यांनी कोणी बसून उठावं तसा.

नाताळच्या आदल्या दिवशी तार आली. शमुवेल नदी ओलांडताना बुडाला होता. दीना दुकानात आली होती, नेमका त्याच दिवशी.

शांतवनांनी झगा शेठला परत केला आणि तसेच मार्थाच्या घरी गेले. दीनासमोर खाली बसले.

“बाळा, दुकानातला नाताळबाबा मीच. तुझे बाबा आणणं माझ्या हातात नव्हतं. मी खोटं बोललो.”

“खोटं कुठं?” दीना म्हणाली. “आलेत ना. पण त्यांना थंडी वाजतेय, काका.”

पाटावरून पाणी जमिनीवर ओघळत होतं. शांतवनांच्या अंगावर काटा आला. तरी त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून पाटावर पांघरली, गुडघे टेकले आणि शमुवेलला तुझ्या घरी ने, अशी प्रभूला विनवणी केली. दीनाने शांतपणे आमेन म्हटलं. घोंगडी उचलली तेव्हा ती जड झाली होती. खाली पाट कोरडा होता.

दीनाने पुन्हा पाट मांडला नाही. शेठने पुढच्या वर्षी बोलावणं धाडलं, शांतवन गेले नाहीत. नाताळचं जेवण ते मरेपर्यंत मार्थाकडेच जेवले. घोंगडी मात्र नगरच्या कडक उन्हाळ्यातही वाळली नाही.