डाकबाबूंचं खासगी

दुसऱ्याचं पोस्टकार्ड हातात असूनही न वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या रायपूरच्या ऑफिसात ते आवक-जावक सांभाळत आणि साहेबांपासून चपराशापर्यंत सगळे त्यांना डाकबाबू म्हणत. टपाल आलं की ज्याचं पत्र त्याच्या टेबलावर ते स्वतः नेऊन द्यायचे. पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव छापलेलं असलं तर त्यावर अंगठा दाबून धरायचे. पत्र बँकेचं आहे, कोर्टाचं आहे की दवाखान्याचं, हे शेजारच्या खुर्चीला कळू नये म्हणून. शेजारची खुर्ची अर्थातच मान लांब करून बसलेली असायची. एकदा आमच्या अकाउंटंटनी सरळच विचारलं, "डाकबाबू, कोणाची नोटीस आली हो?" डाकबाबू म्हणाले, "पाकिटाच्या आतलं मले दिसत नाही. तुले दिसत असन तं डोळ्याच्या डॉक्टरले दाखव."

त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याकडून आले आणि पुरानी बस्तीत राहिले ते राहिलेच. मी नागपूरहून कॉम्प्युटर सांभाळायला आलो, तेव्हा ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही तिघंच होतो: डाकबाबू, मी आणि चौबे कॉलोनीतले अकाउंटंट. पहिल्याच दिवशी डाकबाबूंनी मला विचारलं, "काहून रे पोट्ट्या, डबा नाही आणला?" आणि आपल्या डब्यातली अर्धी भाजी झाकणात काढून पुढे सरकवली. पुढे दोन वर्षं ते झाकण माझंच होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी पुढे काय केलं ते वाचताना तुम्हाला हे माहीत असलेलं बरं.

"नाव ज्याचं, हात त्याचाच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑफिसातल्या एका बाईंना वकिलाचं पत्र आलं आणि त्या नेमक्या रजेवर होत्या. त्यांचा नवरा येऊन उभा राहिला, मीच घेऊन जातो म्हणाला. डाकबाबूंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा पाजला आणि पत्र काही दिलं नाही. तो आरडाओरडा करून गेला. बाई चौथ्या दिवशी आल्या तेव्हा पत्र त्यांच्या हातात पडलं. त्यात काय होतं हे डाकबाबूंनी कधी विचारलं नाही. आम्ही तरुण मंडळी त्यांना हसायचो. आताच्या जगात कोण कोणाची पत्रं वाचायला बसलंय, असं आमचं म्हणणं.

मग ऑफिस रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेलं. काचेची इमारत, विमान उतरेल एवढे रुंद रस्ते आणि चहाची टपरी शोधायला तीन किलोमीटर. कागदी टपाल आटत गेलं आणि कंपनीचा हुकूम निघाला की प्रत्येकानं ऑफिसची मेल स्वतःच्या मोबाइलवर घ्यायची. फोन आपला, रिचार्ज आपला, मेल त्यांची. डाकबाबूंकडे मुलीनं हट्ट करून घ्यायला लावलेला स्मार्टफोन होता. मी त्यात कंपनीचं अ‍ॅप टाकायला बसलो, तेव्हा सात पानं इंग्रजी अटी आल्या आणि शेवटी मंजुरीचं बटण.

"काय लिहून हाये?" त्यांनी विचारलं.

"काही नाही काका, सगळेच दाबतात."

"वाचल्याबिगर मंजूर? तू तं वाचलं ना?"

"वाचलं," मी म्हणालो. मी एक ओळही वाचली नव्हती.

"मंग मले आलेलं दुसरं कोणी वाचत तं नाही ना?"

"फोन तुमचा, पासवर्ड तुमचा. कोण वाचणार?"

त्यांनी बटण दाबलं. मेल दिसते फोनवर, पण राहते कंपनीच्या कॉम्प्युटरवर, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या कॉम्प्युटरची किल्ली तर माझ्याच हातात होती. पण समजावून सांगायचं तर अर्धा तास गेला असता, आणि अजून वीस फोन बाकी होते.

काही महिन्यांनी डाकबाबू जेवणाच्या सुट्टीत कोपरा धरून बसायला लागले. एका बोटानं मराठीत काहीतरी लिहीत राहायचे. म्हातारपणी डाकबाबू बिघडले, असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे आणि फोन पालथा करून ठेवायचे.

अशात एका टेंडरची माहिती बाहेर फुटली. साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि कोण बाहेर किती मेल पाठवतो त्याची यादी काढायला सांगितली. यादीत सगळ्यात वर डाकबाबूंचं नाव. यवतमाळच्या एका शाळेच्या पत्त्यावर एकतीस मेल. साहेबांनी उघडायला लावल्या तर सगळ्या मराठीत, तीही वऱ्हाडी. साहेबांना एक अक्षर कळेना, म्हणून त्यांचा संशय जास्तच पक्का झाला.

"तुम मराठी हो न? पढ़ो, हिंदी में बताओ."

मी नाही म्हणू शकलो असतो का? शकलो असतो. फार तर नोकरी गेली असती, आणि कॉम्प्युटरवाल्याला दुसरी मिळायला महिना लागत नाही. मी खुर्ची पुढे ओढली. माझं भाषांतर बरोबर आहे ना, हे बघायला साहेबांनी अकाउंटंटनाही बोलावून घेतलं.

पत्रं डाकबाबूंच्या मुलीला होती. सुमा यवतमाळला दिलेली, तिथल्या शाळेत शिकवायची. नवरा हात उचलायचा आणि तिचा फोन रोज तपासायचा. म्हणून ती शाळेच्या कॉम्प्युटरवरून बापाला लिहायची, आणि बापाकडे मेलचा पत्ता एकच होता, मी फोनवर सुरू करून दिलेला. एका पत्रात होतं: "सुमे, जून लागायच्या आत ये. मागची खोली रंगवून घेतली. पोरीच्या शाळेत विचारून आलो, हव म्हणाले. घरी कोणाले बोलू नको. निघायच्या दिवशी पोरीले घेऊन नेहमीसारखी शाळेत जा, तिथूनच बस पकड. मी नागपूरले उभा राहीन." हे मी मोठ्यानं, स्वच्छ हिंदीत वाचून दाखवलं. अकाउंटंटनी भाषांतर बरोबर असल्याची मान हलवली.

तिसऱ्या पत्रापाशीच कळलं होतं की यात टेंडरचं काही नाही. साहेब म्हणाले, बाकीची तू बघून घे. मी आपल्या टेबलावर गेलो आणि एकतीसच्या एकतीस वाचली.

दुसऱ्या दिवशी डाकबाबूंना आत बोलावलं. "कंपनी के मेल पर घर का रोना?" साहेब म्हणाले. "इसने सब पढ़ लिया है, टेंडर का कुछ नहीं निकला, इसलिए छोड़ रहा हूँ. शर्तें मंजूर करते वक्त पढ़ी नहीं थीं?" डाकबाबूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आता माझं नाव घेणार, अशी माझी खात्री होती.

"नहीं पढ़ी साहब. गलती मेरी है," ते म्हणाले आणि बाहेर गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आज किळस येते.

अकाउंटंट काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी काळजीपोटी बायकोला सांगितलं, बायकोनं काळजीपोटी यवतमाळच्या बहिणीला सांगितलं आणि त्या बहिणीनं काळजीपोटीच सुमाच्या सासूला विचारलं, सून माहेरी चालली म्हणे? आठवड्याच्या आत सुमाची नोकरी सुटली. नवऱ्यानं तिच्या पोरीला आपल्या भावाकडे नेऊन ठेवलं, म्हणजे आई जागची हलायची नाही. डाकबाबू यवतमाळला गेले आणि दारातूनच परत आले. टेंडर कोणी फोडलं ते कधीच कळलं नाही, आणि पुढे कोणी विचारलंही नाही.

निवृत्तीला आठ महिने होते, ते त्यांनी काढले. भाजीचं झाकण पुन्हा माझ्याकडे आलं नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि 'कंपनी एक परिवार है' यावर भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या.

वर्षभरानं एका रविवारी मी धीर करून पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंड उघडायच्या आत त्यांचा फोन वाजला. सुमाचा होता. ऐकायला कमी येतं म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवत.

"बाबा, जेवले का?"

"हव. तू जेवली?"

"हव."

मग तिकडून एका पुरुषाचा आवाज आला, "गोळीचं विचार अन् ठेव." आणि सुमा म्हणाली, "बाबा, गोळी घेतली का?"

"घेतली, बेटा."

फोन बंद झाला. "रविवारी करते," डाकबाबू म्हणाले. "तो बाजूले बसून राह्यते. तिले काही सांगायचं असन तं आता जागा नाही राहिली."

मी माफी मागितली. नोकरीचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, टेंडरचं काही नाही हे तिसऱ्या पत्रालाच कळल्याचं सांगितलं, माझ्या वयाचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उघडले ते समजलो मी," ते म्हणाले. "सायबानं सांगतलं, तुले नोकरी होती. पन तीन वाचून समजलं होतं ना तुले? मंग बाकीचे अठ्ठावीस काहून वाचले?"

पत्रं फार सुंदर होती. बापानं लेकीला अशी पत्रं लिहिलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला ती वाचायला आवडली होती. हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.