कानातला कापूस

बाबांचे कान कायमचे गेले, असंच आमचं घर धरून चाललं होतं. पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये उभा जन्म गेलेला माणूस. तिथं मशीन सुरू झालं की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. मग तिथल्याच कापसाचा बोळा कानात कोंबायचा अन् कामाला लागायचं. दवाखान्याचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, "जिनिंगचे कान हायेत पोरी, डॉक्टर का नवे लावून देते?" ऐकू आलं नाही की हसून मान हलवायचे. हो, हो.

आई उन्हाळ्यात गेली. दिवाळीच्या सुमारास बाबांचा उजवा कान ठणकायला लागला. आई असती तर लसणाचं तेल कोमट करून सोडलं असतं तिनं. मी मात्र हट्टाला पेटले आणि त्यांना यवतमाळला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी दोन्ही कानांत उजेड टाकून पाहिलं. मग एक दुबेळका लोखंडी काटा आपटून त्याची दांडी बाबांच्या कपाळावर टेकवली. बाबा दचकलेच. "वाजून राह्यलं ना हे!"

"नस चांगली आहे यांची," बाई म्हणाल्या. "रस्ता बंद आहे." कानात टाकायला थेंब दिले आणि आठवड्यानं पुन्हा बोलावलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बारीक नळीनं मळ ओढला, मग चिमटा घातला. दोन्ही कानांतून काळे गोळे निघाले, अन् आत जुना, कुजकट कापूस. तो आत राहिला आणि त्यावर मळ बसत गेला, असं बाई म्हणाल्या. मशीनच्या आवाजानं थोडं नुकसान झालंय, पण फार नाही. बाबा छताकडे बघत म्हणाले, "पंखा एवढा बोंबलते?"

मला हसू आलं आणि मागोमाग असा संताप आला म्हणता! काखेत कळसा अन् गावाला वळसा. एवढ्याशा मेल्या कापसापायी इतकी वर्षं गेली. कोणावर ओरडू?

बाहेर बाकावर बसल्यावर बाबा रडायला लागले.

"आता काहून रडता बाबा? ऐकू येऊन राह्यलं ना?"

"तुही माय गेली त्या दुपारी तू दवाखान्यातून घरी डबा आणाले गेलती. तिनं माहा हात धरला अन् गंज वेळ बोलली व. आवाज तर निंघतच नव्हता तिचा. मी आपला हो, हो करत गेलो. मंग तिचं तोंड कसं निवलं, अन् झोपली. उठलीच नाही. मी कायले हो म्हणलं, मले मालूमच नाही."

इतके महिने त्यांनी हे एकट्यानं पोटात ठेवलं होतं.

तेव्हापासून ते तो शब्द पाळायला बघतात. आई ओरडायची म्हणून तंबाखूचा खर्रा सोडला. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या वादात, काकांशी अबोला होता, तर आपण होऊन त्यांच्या दारी गेले. तिची अर्धी राहिलेली गोधडी शेजारच्या मावशींकडून पुरी करून घेतली. दर वेळी मला फोन येतो, "हेच म्हणली असन का व थे?"

आता त्यांना हळू बोललेलंही ऐकू येतं. आई काय म्हणाली, मला तरी काय ठाऊक!

मी म्हणते, "हो बाबा, हो."