चौथ्या खांबावरचा कीचक

अंथुर्ण्यापासून डाळजपर्यंतच्या पट्ट्यात जोतीराम रंगाऱ्याचा हात लागला नाही असं देऊळ शोधावंच लागलं असतं. यात्रा जवळ आली की कुणीतरी त्याला न्यायला यायचं. शिखराला गुलाबी, कळसाला सोनेरी, नंदी पांढराशुभ्र, आणि बेंदराला बैलाची रंगवतात तशी नंदीची शिंगं लालभडक. ऑइलपेंटचा वास नाकात गेला की यात्रा आली, असं लहान मुलांनाही कळायचं.

सगळ्यात जीव होता तो ओढ्याकाठच्या महादेवावर. देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, चुना न वापरता दगडावर दगड बसवून रचलेलं. मंडपात चार खांब. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एकेक ढेरपोट्या बुटका बसलेला, दोन्ही हातांनी छताचा भार पेलून धरणारा. त्यांना कीचक म्हणतात. दर यात्रेला जुन्या रंगावर नवा रंग चढत गेला आणि त्या चौघांचे चेहरे लाडवासारखे गोल गुळगुळीत झाले. नाक कुठलं नि ओठ कुठला, काही कळेना. तेव्हा जोतीरामनं आपल्या ब्रशनं त्यांना चेहरे दिले. एकाला टोपी घातली, एकाला शाळेतल्या हेडमास्तरांसारखा चष्मा, एकाच्या तोंडात विडा रंगवला. चौथ्याला त्यानं आपल्या वडिलांचा चेहरा दिला, बिरूआबांचा. झुपकेदार मिशा, कपाळावर आडवा भंडारा.

बिरूआबा सोमेश्वरनगरच्या कारखान्यात साखरेची पोती वाहायचे. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. मतदार कार्डावरचा होता, पण तो इतका काळा की त्यात कुणीही शोभलं असतं. त्यामुळे जोतीरामला वडिलांची आठवण आली की तो देवळात जायचा, महादेवाला हात जोडायचा आणि मग मान वर करून चौथ्या खांबाकडे बघत उभा राहायचा. गावालाही ते ठाऊक होतं. नव्या नवरीला देवदर्शनाला आणलं की बायका बोट करून दाखवायच्या, ह्ये आमचे बिरूआबा.

अलीकडे मात्र रंगाला फोड येऊ लागले. पोपडा निघाला की त्याच्या पाठीला दगडाची पातळ कपची चिकटून यायची. गाभारा उन्हाळ्यातही ओला. देवस्थानचे अध्यक्ष विजयसिंह यांनी बारामतीहून वैदेहीला बोलावलं. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतलेली ही मुलगी दोन दिवस भिंतींना कान लावून, बोटानं ठोकत हिंडली. तिनं सांगितलं की दगडात मुरलेलं पाणी रंगामुळे बाहेर पडत नाही आणि आतल्या आत दगड खातं. रंग उतरवायलाच हवा. गावात थोडी कुरबूर झाली. देव उघडा करायचा म्हणजे काय, असं काहींनी विचारलं. पण कपच्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या.

विजयसिंह जोतीरामच्या घरी आले, बराच वेळ पाण्यापावसाचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "तात्या, वंगाळ वाटून घिऊ नका. पर तुमीच चढवलाय, तर तुमीच उतरवा."

चुलीपुढून जोतीरामच्या बायकोनं, कुशाबाईंनी ऐकवलं, "जल्मभर चढवला तवा कुणी कपभर च्या पाजला न्हाय. उतरवायला बरी आठवण झाली."

"आत्ता बी तुमीच पाजताय की, काकी," विजयसिंह म्हणाले आणि कप पुढं केला.

जोतीराम हो म्हणाला खरा, पण त्या रात्री जेवताना त्याचं ताटात लक्ष नव्हतं. इतर रंगाचं त्याला फारसं काही नव्हतं. चौथा खांब तेवढा डोळ्यापुढून हलेना.

पहिल्याच दिवशी तो तारेचं चाक लावलेलं ग्राइंडर घेऊन आला. बाहेरच्या पायरीवर चालवलं, रंग भुर्रकन उडाला आणि दगडावर पांढरा ओरखडा उठला. वैदेही रागावली नाही. तिनं त्याला ओरखड्यावरून बोट फिरवायला सांगितलं. जोतीरामनं फिरवलं आणि ग्राइंडर पोत्यात गुंडाळून ठेवलं. मग तिनं रीत दाखवली. लेप लावायचा, रंग फुगला की लाकडी पट्टीनं हलक्या हातानं उचलायचा, वरून पाणी आणि मऊ ब्रश. पट्ट्या जोतीरामनं बांबूच्या तासल्या, ब्रशचे केस त्यानं स्वतः निवडले. दोघांची जोडी जमली.

टोपीवाल्याच्या रंगाखालून दात आवळलेला, गाल फुगवलेला गडी निघाला. चष्मेवाल्याची जीभ बाहेर आलेली होती. विड्यावाल्याचे डोळे अर्धे मिटलेले पाहून जोतीराम हसला. "ह्यो तर आळशी हाय. भार दुसऱ्याव टाकून डुलक्या घेतोय." बघायला येणाऱ्यांची रीघ लागली.

चौथ्याची पाळी आली तेव्हा जोतीरामनं हात पुसले.

"ताई, ह्यो ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हे आमचं वडील हायत."

वैदेहीनं पूर्ण ऐकून घेतलं. मग शिडीवर चढून कीचकाच्या हनुवटीखालचा फोड त्याला दाखवला. "दगड इथंही भिजतोय, तात्या. पण ह्याला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा, आणि तुम्हीच." तिनं बिरूआबांचे चारी बाजूंनी फोटो काढले, मोठे छापून आणले. कुशाबाईंनी त्यातला एक देव्हाऱ्याशेजारी लावला. तरी जोतीरामचं पाऊल शिडीकडे वळेना. काम थांबलं. यात्रा तोंडावर आली.

एका दुपारी त्याचा डबा घेऊन कुशाबाई देवळात आल्या. वर बघत म्हणाल्या, "मामंजी कारखान्यातनं यायचे तवा घामानं पाठ वली असायची. आल्या आल्या बंडी काढून वाळत घालायचे. वल्या कापडात एक घडी बसत नव्हते. तुमी किती दिस बसवणार त्येंला?"

जोतीराम डबा तसाच ठेवून शिडीवर चढला आणि त्यानं लेप लावला.

मिशा त्यानं सगळ्यात शेवटी उचलल्या. खालून निघालेल्या माणसाला मिशा नव्हत्या. चेहरा थोराड, शांत. मात्र इतर तिघांची मान सरळ होती आणि ह्याची डावीकडे कललेली. खांदा आणि मान यांच्यामधली खोबण आजवर रंगानं भरून गेली होती. खांद्यावर पोतं घेतलेला माणूस मान कलवतो, अगदी तशीच. ज्यानं कुणी तो दगड घडवला, त्यानं ओझं वाहणाऱ्या माणसाला जवळून पाहिलेलं होतं. जोतीराम शिडीवरच थबकला. मग त्या खोबणीत साचलेलं पाणी फडक्यानं टिपून म्हणाला, "वळखीचा हाय."

यात्रेला देऊळ काळंभोर उभं होतं. जोतीरामला रंगवायला आवाराचं लोखंडी फाटक मिळालं, ते त्यानं मनासारखं गुलाबी केलं. आता शेजारच्या गावांहून त्याला रंग उतरवायची बोलावणी येतात. पिशवीत ब्रशशेजारी बांबूच्या पट्ट्या असतात.

त्या यात्रेच्या गर्दीत एक बाई पोराला कडेवर घेऊन चारी खांब निरखत होती. बिरूआबा यातले कुठले, असं तिनं जोतीरामलाच विचारलं. त्यानं बोट दाखवलं नाही. तिच्यापुढं उभा राहून त्यानं हात वर धरले आणि मान डावीकडे कलवली. बाई वर बघत एकेक खांब फिरली आणि चौथ्यापाशी थांबली.