अब्दलीच्या काकडीला मीठ

कुवेतला निघालो तेव्हा निफाडच्या आमच्या कट्ट्यावर मला दोनच सूचना मिळाल्या: टोपी ने आणि पाणी पीत राहा. दोन्ही पाळल्या, आणि जानेवारीत मुलीच्या बनेद अल-गारच्या फ्लॅटमध्ये दोन ब्लँकेटं पांघरून कुडकुडत बसलो. वाळवंटात थंडी पडते हे आमच्यातल्या एकाही शहाण्याला ठाऊक नव्हतं. त्या शहाण्यांत मी तर कृषी खात्यातला निवृत्त अधिकारी!

मुलगी मंजिरी इथे नर्स आहे. तिच्या ओळखीतल्या मराठी मंडळींची शुक्रवारी अब्दलीला सहल ठरली. अब्दली म्हणजे कुवेतच्या उत्तर टोकाचा, इराकच्या हद्दीजवळचा शेतांचा पट्टा. तिथे मंजिरीच्या हॉस्पिटलातल्या एका कुवेती बाईंच्या मामाची छोटी मजरआ (शेतवाडी) होती. तेरा माणसं, तीन गाड्या आणि डबे किती ते विचारू नका. आपली माणसं रानात जेवायला जातात ती घरचं सगळं स्वयंपाकघर घेऊनच.

मला सुहास डॉक्टरांच्या गाडीत जागा मिळाली. हे कातडीचे डॉक्टर, पण पूर्वी तीन वर्षं कॅनडात होते आणि मनाने अजून तिथून परत आलेले नाहीत. जहरा येईपर्यंत कॅनडातले रस्ते झाले, जहरात गरम खबूस (तंदुरी रोटी) घ्यायला थांबलो तिथे कॅनडातला पाव झाला, आणि पुढे दोन्ही बाजूंना नुसतं सपाट पिवळं माळरान लागलं तेव्हा कॅनडातली झाडं सुरू झाली. मी 'हो का, हो का' करत पोचलो एकदाचा.

शेतावर उस्मानभाई भेटले. श्रीवर्धनकडचे, पन्नाशी ओलांडलेले, पंधरा वर्षं याच शेतावर. वाकवलेल्या लोखंडी नळ्या आणि वर प्लास्टिक, असे चार लांब बोगदे, आत काकडी. सगळं ते एकटे बघत. मंजिरीने ओळख करून दिली, "आमचे बाबा. कृषी अधिकारी होते."

"मंग काय! घरचा सायब आला," म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

त्यांनी मला चारही बोगदे फिरवले. वेल छातीएवढे झाले होते, फुलं धरली होती, बोटाएवढ्या काकड्या लोंबत होत्या. मी एक पान चिमटीत धरलं आणि "पोटॅश कमी पडतंय," असं म्हणालो. काहीतरी म्हणायला हवंच होतं. त्यांनी ते इतक्या आदराने ऐकलं की मलाच खरं वाटायला लागलं.

"आठ दिसांनी तोडा सुरू, सायब," ते म्हणाले. "अरबाबने (मालकाने) जबान दिलीय. चारी बोगद्यांचा पयला माल बाजारात गेला का मना सुट्टी. पोरीचा निका हाय पुढच्या महिन्यात. चार वरसं झाली तिला बघून."

दुपारी आमच्या डब्यांच्या गर्दीत त्यांनी तळलेली मासळी आणून ठेवली आणि सगळ्या डब्यांची अब्रू गेली. मासे ते स्वतः खारवून वाळवत. खोलीच्या दाराशी त्यासाठी खड्याच्या मिठाचं मोठं पोतं होतं.

जेवण उरकतं न उरकतं तोच पश्चिमेकडून काळं आलं. आधी वारा, मग टपटप, आणि मग पत्र्यावर जो काही ताशा सुरू झाला! गारा. हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. वीस मिनिटांत वाळवंट पांढरं झालं.

"आजोबा, इट्स स्नोइंग!" नात ओरडली.

"अगं, गारा आहेत त्या."

"नो, स्नो," ती म्हणाली, आणि सगळ्या मोठ्यांनी तिचंच ऐकलं. तेराही जण मोबाइल घेऊन बाहेर. कुणी गारांचा गणपती करायला घेतला, कुणी नवऱ्याच्या कॉलरमधून गारा घातल्या. एक बाई थंडीने दात वाजवत, पण शाल काढून फोटो काढून घेत होत्या, कारण शालीखालचा ड्रेस नवा होता. पाच मिनिटांत पुणे, नागपूर, लातूर सगळीकडे कळलं की कुवेतला बर्फ पडला.

उस्मानभाई तेवढे बोगद्यांकडे धावले. गारांच्या ओझ्याने प्लास्टिक नळ्यांमध्ये पखालीसारखं लोंबत होतं. त्यांनी झाडूच्या टोकाला आपली लुंगी गुंडाळली आणि आत शिरून खालून हळूहळू ढकलायला लागले. गारा दोन्ही अंगांनी घसरून खाली पडत. एक बोगदा असा मोकळा झाला, दुसरा झाला. मग ते बाहेर येऊन धापा टाकत म्हणाले, "चार मानसं द्या मना. झाडू हायती. नायतर नळ्या बसतील."

तेरा जणांत चार निघेनात. तेवढ्यात सुहास डॉक्टर पुढे आले. "झाडू? हे काय भलतंच! कॅनडात बर्फावर मीठ टाकतात. पाच मिनिटांत सगळं पाणी. पोतं आहे की तुमच्याकडे."

उस्मानभाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "सायब, तुमी सांगा. टाकू मीठ?"

इथे मला माझी लायकी सांगितली पाहिजे. तीस वर्षं गारपीट झाली की मी गेलो, पण गारा पडून गेल्यावर, चपटी फाइल घेऊन, पंचनामा करायला. गारा पडत असताना शेतात काय करतात याचा मला काडीचा अनुभव नव्हता. मीठ मात्र मला चांगलं ठाऊक होतं. खारवट जमिनीवर मी खात्यासाठी पुस्तिका लिहिली होती. मिठाच्या पाण्याने काकडीचं काय होतं हे मी झोपेत सांगितलं असतं. पण डॉक्टर बघत होते, जावई बघत होता, 'बाबांना काय कळतं' असं कुणी म्हणायला नको होतं, आणि झाडू घ्यायचा तर चिखलात वाकावं लागणार होतं. पायात नवे बूट होते.

"टाका," मी म्हणालो. "बेताने टाका."

बेताने टाकायला ते काय वरणात घालायचं होतं? डॉक्टरांनी मुठी भरभरून उधळलं. जावयाने व्हिडिओ काढला. राहिलेल्या दोन्ही बोगद्यांवर अख्खं पोतं रिकामं झालं. गारा वितळल्या, शंभर टक्के वितळल्या. त्यात कॅनडाचं काही चुकलं नाही. पण गारांनी प्लास्टिकला ठिकठिकाणी भोकं पाडली होती.

आतून उस्मानभाईंचा आवाज आला. "थांबा! खारा पानी येतंय! सगला वेलांच्या मुलांत चाललाय!"

मी वाकून आत पाहिलं. धारा लागल्या होत्या. ते हातातला झाडू टाकून एकेका वेलाच्या बुडाशी आडवा हात धरत होते. किती वेलांना हात पुरणार?

तासाभराने अरबाब आला. मोठी गाडी, डोक्याला लोकरी रुमाल, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. "थल्ज! थल्ज!" (बर्फ! बर्फ!) करत त्याने आमच्यासकट सगळ्याचे फोटो काढले. मग त्याला पानं माना टाकू लागलेले बोगदे दिसले. काय झालं, त्याने विचारलं. आम्ही तेरा जण आपापल्या पायांकडे बघू लागलो.

उस्मानभाईंनी आकाशाकडे बोट करून अरबीत चार शब्द सांगितले. मंजिरीने मला हळूच अर्थ सांगितला, "गारांनी गेलं म्हणतायत."

मालकाने त्यांच्या पाठीवर थोपटलं. भोकं पडलेलं प्लास्टिक बदलायचं, दोन्ही बोगदे पुन्हा लावायचे, ते काम दुसऱ्या कुणाला जमणार? सुट्टी त्यानंतर. इन्शाल्ला.

निघताना मी उस्मानभाईंसमोर उभा राहिलो. माफी मागायचीच, असं ठरवून गेलो होतो. त्यांनीच आधी विचारलं, "तुमी गावाला कवा जाताव, सायब?" मी तारीख सांगितली. "मंग निकाला असाल तुमी. श्रीवर्धनला जा. माझे वाटचा जेवून या." मी मान हलवली. माफी तशीच राहिली.

परतीच्या गाडीत सुहास डॉक्टर म्हणाले, "मीठ नसतं टाकलं तर चारही गेले असते." सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो.

मी श्रीवर्धनला गेलो. एवढं तरी केलं, असं स्वतःला बजावत एसटीने गेलो. निकाहाच्या घरात मला पुढची खुर्ची मिळाली, हातात सरबत आलं. नवरीचे चुलते जो भेटेल त्याला सांगत होते, "हेच ते सायब. उस्मानचे दोन बोगदे यांनी वाचवले." उस्मानभाईंनी फोनवर तसं कळवलं होतं. ते का, हा विचार मी आजही फार लांबवर करत नाही.

निकाहाआधी नवरी मुद्दाम भेटायला आली. मेंदी अजून ओली होती, म्हणून हात अंगापासून दूर धरलेले.

"काका, अब्बा म्हनतात बर्फामुले येता नाय आला," ती म्हणाली. "खराच एवढा बर्फ पडला?"

"हो, बाळ," मी म्हणालो. "खूप पडला."

मग पंगतीला बसलो, आणि तिच्या बापाच्या वाटचं पोटभर जेवलो.