हॅमर चालू ठेव

नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही नवं ड्रिल मशीन दाखवलंत आणि मी विचारलं, "यात हॅमर आहे का?" तुम्ही पोट धरून हसलात. आजीला हे कुठून ठाऊक, ते आज लिहूनच टाकते. ते हसण्यासारखं नाही.

"आधी थे सांगा काकू. फिरवाचं, ठोकाचं, का कसाचं?" आमच्या जळगाव जामोदचा सुतार मिस्त्री कुठलंही काम हाती घेताना हेच विचारायचा. आमची कपाटं बसवायला आला, तेव्हा तिन्ही मशिनी सतरंजीवर मांडून त्याने मला एकेक समजावली. साधं ड्रिल नुसतं फिरतं. लाकडाला, पत्र्याला तेवढं पुरतं. हॅमर ड्रिल फिरता फिरता पुढे ठोकतंही, ते भिंतीसाठी. तिसरा इम्पॅक्ट ड्रायव्हर, स्क्रू कसायचा. स्क्रू अडला की तो फिरण्याच्या दिशेनेच दणके देतो, त्यामुळे आपलं मनगट पिरगळत नाही. "पन पातळ फळीत लय दाबू नका. उकलते."

शिकवायचा उत्तम. फक्त त्याआधी मेहुण्याला चहा आणायला पाठवायचा.

मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. कित्येक वर्षं याच्या हाताखाली. फळ्या धरायच्या, भुसा झाडायचा, शिव्या खायच्या. मशीनला हात लागला की मिस्त्री म्हणायचा, "ठेव बे. तुह्या बहिणीले पोसतो, थे काय कमी हाय?" मेहुणा खाली बघून हसायचा.

मग मेहुण्याला वडनेर भोलजीला आमच्या ओळखीच्या घरी स्वतःचं पहिलं काम मिळालं. ओट्यामागच्या भिंतीवर कप्पे बसवायचे होते. मशीन मागायला तो आमच्याच ओसरीत आला.

"भाऊजी, तिथं टाइल हाय. कसं करू?"

मिस्त्रीने हॅमर ड्रिल उचललं आणि खटका स्वतः सरकवला. "हॅमर चालू ठेव. न् दाबून धर."

मेहुण्याने मशीन तान्हं मूल घ्यावं तसं छातीशी धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्या कपाटाला बिजागऱ्या बसवत होता. वडनेरचा फोन आला. ऐकून घेतलं, ठेवला आणि हसला. "फोडल्या त्यानं. टाइलीवर हॅमर बंदच ठेवा लागते काकू. टाइल पार झाली का मंग चालू."

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

"काऊन सांगू? उद्या थो माह्याच समोर दुकान लावन. मले कोनं सांगतलं होतं?"

मिस्त्री वडनेरला गेला. घरातली सगळी माणसं, शेजारी बघत असताना मेहुण्याच्या हाती सुपली दिली, भिंतीची भुकटी धरायला. "पाह्य बे, असं असते," म्हणत उरलेली भोकं स्वतः पाडली. मेहुण्याने पुन्हा स्वतःच्या नावावर काम घेतलं नाही.

मिस्त्री गेल्या वर्षी अचानक वारला. मी भेटायला गेले, तेव्हा त्याची बायको भावापुढे मशिनी ठेवून म्हणत होती, "घे. आता तुह्याच हायेत."

त्याने त्या परत तिच्याकडे सरकवल्या. "मले नाही येत, ताई."

तो आता शेगावला एका लॉजवर यात्रेकरूंच्या बॅगा उचलतो.

वडनेरला मिस्त्रीने बसवलेले कप्पे अजून पक्के आहेत. त्यांच्याखाली मेहुण्याने तडकवलेल्या टाइल्सही आहेत.